हात वर जावा म्हणून

खांदा दुखत असेल, आखडला असेल किंवा ऑपरेशननंतर पुन्हा हलता करायचा असेल, तर व्यायाम करावा लागतो, हे आता रुग्णही जाणतात. तरीही दवाखान्यातून घरी नेलेला व्यायामाचा कागद बहुतेक घरांत काही दिवसांतच फ्रिजच्या दारावर नुसता लटकून राहतो. काठी धरून हात वर, पाठीमागे टॉवेल, भिंतीवर बोटांनी चढणं, दहाचे तीन सेट, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा नेमाने जातो. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा व्यायाम सुटतो. पुढे फिजिओकडे जायच्या आदल्या रात्री घाईघाईने काही केलं जातं आणि विचारल्यावर उत्तर येतं, ‘हो, चालू आहे.’ घरी सांगितलेला व्यायाम निम्म्याच्या आसपास रुग्ण पूर्णपणे करत नाहीत, असं देशोदेशींच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

याला आपण आजवर रुग्णाचा आळस म्हणत आलो. या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की यातला मोठा दोष सांगणाऱ्याचा आहे. औषध कडू असलं तरी गिळलं की काम करतं. व्यायामाचं तसं होत नाही. तो लक्ष देऊन, पुरेशा वेळा आणि हळूहळू वाढवत केला तरच स्नायूला, त्याला हाडाशी जोडणाऱ्या शिरेला आणि मेंदूला काही मिळतं. त्यामुळे व्यायामात गोडी असणं ही वरून पेरलेली कोथिंबीर मानू नये. ती मात्रेचाच भाग आहे. हे पुस्तक याच विचारावर उभं आहे, आणि मराठीत या विषयावर इतकं सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात दुसरं काही आलेलं नाही.

नव्या वाचकाने आधी खांदा समजून घ्यावा. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू जसं उथळ चमच्यावर तोल सांभाळून असतं, तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या फऱ्यावरच्या उथळ खोबणीत असतो. खुब्याच्या सांध्याला खोल वाटीचा आधार आहे, खांद्याला तो नाही. म्हणून शरीरातल्या कुठल्याही सांध्यापेक्षा खांदा जास्त फिरतो, आणि म्हणूनच तो स्नायूंवर जास्त अवलंबून असतो. रोटेटर कफचे चार लहान स्नायू माथ्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात आणि वरून मोठा डेल्टॉइड ओढतो. शिवाय फरा स्वतः पाठीवर सरकतो. १९४४ साली इन्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश मुख्य सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याच्या सरकण्यातून. मुख्य सांधा आखडला की माणूस नकळत फरा जास्त उचलतो. खांदा कानाकडे जातो, कंबर मागे वाकते, आणि आरशात पाहिलं तर हात वर गेल्यासारखा वाटतो. या फसवणुकीची आठवण वाचकाने ठेवावी. पुढे खेळांबद्दल बोलताना ती लागणार आहे.

‘खांदा धरलाय’ या एका तक्रारीमागे वेगवेगळे आजार असतात. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीची पिशवी सुजते, मग जाड होऊन आवळते. हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सगळ्यात आधी जातं, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, ब्लाउजचा मागचा हुक लागत नाही. रोटेटर कफच्या दुखण्यात सांधा मोकळा असतो, पण हात मध्यावर आला की चमक मारते. पडल्यावर, फ्रॅक्चरनंतर, शीर शिवल्यावर, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर येणारा ताठरपणा आणखी वेगळा. तिघाचौघांना एकच कागद देणं हे आपल्या बाह्यरुग्ण विभागांतलं रोजचं चित्र आहे आणि ते बदलायला हवं.

या दुखण्याशी वैद्यकाची ओळख जुनी आहे. आयुर्वेदात अवबाहुकाचं वर्णन वातव्याधींत येतं. आधुनिक वैद्यकात १८७२ साली फ्रान्सच्या द्युप्लेने खांद्याभोवतीच्या दाहाचं वर्णन केलं. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली ‘द शोल्डर’ हा ग्रंथ लिहिला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यातूनच रूढ झालं. आजही पहिल्या दिवशी शिकवला जाणारा झोक्याचा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाकायचं, दुखरा हात दोरासारखा लोंबकळत सोडायचा आणि कमरेतून अंग झुलवायचं; हात आपोआप झुलतो. बहुतेक जण मात्र अंग स्थिर ठेवतात आणि खांद्याचे स्नायू आवळून हात गोल फिरवतात. मग ज्या स्नायूंना विश्रांती द्यायची तेच राबतात आणि दुखणं वाढतं. कागदावरच्या चित्रात दोन्ही अगदी सारखे दिसतात. चित्र शिकवू शकत नाही अशा किती गोष्टी असतात, हे समजायला हा एक व्यायाम पुरेसा आहे.

व्यायामाचं शास्त्र दुसऱ्या वाटेने आलं. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामाची संस्था काढली. त्याच शहरात पुढे गुस्ताव झांडर यांनी चाकं, तरफा आणि वजनं वापरून अवयवागणिक यंत्रं बनवली. आपल्या फिजिओथेरपी विभागात भिंतीवर असलेलं खांद्याचं चाक पाहिलं की मला त्याच कुळाची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वाढतं वजन उचलायला लावलं आणि १९४५ साली ती पद्धत मांडली. आज आपण ज्याला ‘लोड वाढवणं’ म्हणतो ते तिथून आलं. भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर मुंबईत, केईएम रुग्णालयात रुजलं. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या शास्त्राची आपल्याकडची पहिली पावलं मुंबईत पडली, तरी त्याचं साहित्य मात्र इंग्रजीतच राहिलं.

याच्या शेजारी आपली तालमीची परंपरा होती. मल्लखांब, जोर, मुद्गल, लेझीम या सगळ्यांत खांद्याचं काम मोठं आहे. हिंदुस्थानातल्या जोडी आणि मुद्गल फिरवण्याच्या पद्धती ब्रिटिश अधिकाऱ्यांनी उचलल्या, त्या युरोप-अमेरिकेतल्या व्यायामशाळांत गेल्या, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अशी गदा फिरवण्याची स्पर्धाही झाली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. अशी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत आजारी खांद्यासाठी मात्र ‘शोल्डर फ्लेक्शन, टेन रेपिटिशन्स’ एवढंच छापलं जावं, ही मला फार लागणारी गोष्ट आहे. तालमीतला सगळा व्यायाम दुखऱ्या खांद्याला चालतो असं मात्र कोणी समजू नये. तिथे घाम आणि जोर यांना मान आहे, आणि आवळलेल्या खांद्याला नेमका जोरच सोसत नाही.

नेदरलँड्समधल्या डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांचा २००४ सालचा अभ्यास यासाठी प्रत्येक फिजिओने वाचावा. फ्रोझन शोल्डरच्या ७७ रुग्णांपैकी काहींना वेदनेच्या पलीकडे ताणणारे व्यायाम दिले गेले, तर काहींना समजावून सांगून वेदनेच्या मर्यादेत हात वापरायला सांगितलं. दोन वर्षांनी हळुवार गटातल्या ८९ टक्के रुग्णांचा खांदा चांगल्या स्थितीला आला होता, ताणलेल्या गटातल्या ६३ टक्क्यांचा. आपल्याकडे ‘ओढून मोकळा करून देतो’ म्हणणाऱ्यांची वाण नाही आणि रुग्णही कळ आली की उपचार लागू पडला असं मानतात. व्यायामाच्या वेळची कळ सोसवेल इतकीच असावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरावी, हा साधा नियम प्रत्येकाला मराठीत सांगितला तरी कितीतरी खांदे वाचतील.

आता या क्षेत्रातले विचारप्रवाह. पहिला रचनेचा. १९७२ साली चार्ल्स नीअर यांनी मांडलं की फऱ्याच्या टोकाखाली शीर घासली जाते, म्हणून तिथलं हाड तासावं. पुढची काही दशकं जगभर हे ऑपरेशन होत राहिलं. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनचा सीसॉ हा अभ्यास आला. त्यात काही रुग्णांचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घातली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. दुसरा प्रवाह हालचालीच्या शुद्धतेचा. बेन किबलर यांच्यासारख्यांनी फऱ्याच्या बेशिस्त हालचालीकडे लक्ष वेधलं. त्याचा उपयोग झाला, पण पुढे प्रत्येक रुग्णाला ‘तुमचा फरा चुकीचा आहे’ असं ऐकावं लागलं, आणि ते ऐकून बरं वाटलेला माणूस मला भेटलेला नाही. तिसरा प्रवाह भाराचा, डीलॉर्म यांच्या वळणाचा: शिरेला आणि स्नायूला हळूहळू वाढतं काम द्या, ते सोसायला शिकतील.

चौथ्या प्रवाहाने मात्र सगळ्यांनाच विचार करायला लावलं. इंग्लंडमध्ये रेचल चेस्टर आणि सहकाऱ्यांनी खांदेदुखीसाठी फिजिओथेरपी घेणाऱ्या १०३० रुग्णांचा पाठपुरावा केला. कोण बरं होईल हे खांद्याच्या तपासणीतल्या निष्कर्षांपेक्षा रुग्णाच्या अपेक्षेवरून आणि ‘दुखत असलं तरी मला हे जमेल’ या विश्वासावरून जास्त ओळखता आलं. अमेरिकेत मून गटाने आपोआप झिजून शीर पूर्ण फाटलेल्या ४५२ रुग्णांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत जेमतेम पाव रुग्ण ऑपरेशनला गेले. कोण जाईल हे ठरवण्यात फाटलेल्या भागाच्या आकारापेक्षा ‘व्यायामाने काही होईल का’ या रुग्णाच्या मताचा वाटा मोठा निघाला. म्हणजे एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या माणसाशी पहिल्या दहा मिनिटांत आपण काय बोलतो, हाही उपचारच आहे.

२०२१ सालच्या ग्रास्प अभ्यासाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. ब्रिटनमधल्या ७०८ रुग्णांपैकी काहींना फिजिओसोबत सहापर्यंत बैठका आणि वाढत जाणारे व्यायाम मिळाले. इतरांना एकच नीट बैठक, माहिती आणि घरी करायचे साधे व्यायाम. वर्षभराने दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ‘म्हणजे व्यायाम निरुपयोगी’ असा काहींनी निष्कर्ष काढला. पण व्यायाम दोन्हीकडे होता. माझ्या मते यातून एवढंच दिसतं की बैठका वाढवल्याने काम भागत नाही. रुग्ण घरी काय घेऊन जातो आणि तिथे त्याचं काय होतं, यावर पुढचं ठरतं. सेल्फ नावाच्या लहान ब्रिटिश अभ्यासात तर एकच, पण रुग्णाने स्वतः हाताळलेला व्यायाम नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच उपयोगी ठरला होता. आपल्याकडे आठवड्यातून पाच वेळा शेक आणि मशीन घ्यायला येणाऱ्या, आणि त्यासाठी रिक्षाचे पैसे व अर्धा दिवस घालवणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही फार मोठी बातमी आहे.

मग घरी काय व्हावं? इथे हालचाल शिकण्याचं शास्त्र मदतीला येतं. गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून अनेक प्रयोगांत दाखवलं की लक्ष स्वतःच्या अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर असलं तर माणूस लवकर आणि सहज शिकतो. ‘खांदा उचला, फरा खाली ओढा’ म्हणण्याऐवजी ‘ती खूण पुसा’ म्हणावं. २०१६ साली वुल्फ आणि लुथवेट यांनी त्याला आणखी दोन गोष्टी जोडल्या: शिकणाऱ्याला थोडी निवड द्यावी, आणि आपल्याला जमतंय हे त्याला दिसावं. मानसशास्त्रातल्या पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलेली गोष्टही इथे कामाची आहे. ‘रोज व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ हा संकल्प जास्त टिकतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलं आहे. पोळी-भाजीचं केंद्र चालवणाऱ्या एक काकू आल्या. मधुमेह जुना, डावा खांदा आवळलेला. त्यांना आधी दुसरीकडून मिळालेला कागद घडी घालून पर्समध्ये होता. ‘भिंतीवर बोटं चढवायला मला वेळ कुठाय हो,’ म्हणाल्या. काय करता येत नाही म्हणून सगळ्यात वाईट वाटतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘वरच्या फळीवरचा डबा सुनेला काढायला सांगावा लागतो.’ मग आमचं ठरलं: कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत ओला नॅपकिन हाताखाली घेऊन ओटा पुसायचा, पण हात पुढे सरकवत, छातीही मागोमाग नेत, जिथे ताण येतो तिथे क्षणभर थांबून. दुसऱ्या शिट्टीपर्यंत फळीच्या शेजारी भिंतीवर खडूने केलेल्या रेघेला बोट लावायचं. रोज पोचेल तिथे नवी रेघ, शेजारी तारीख. कंबर मागे वाकली तर रेघ धरायची नाही, हा नियम सुनेच्या देखरेखीखाली. पुढे हात बराच वर जायला लागल्यावर फळीवर ठेवायला आधी रिकामी प्लॅस्टिकची बाटली, मग तिच्यात पाणी वाढवत नेणं; अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, वजन विकत आणायला नको. यात डीलॉर्म आहेत, वुल्फ आहेत, गोल्विट्झर आहेत, आणि वेगळा काढलेला वेळ शून्य. त्या भिंतीचा फोटो त्यांनी मला फोनवर दाखवला. रेघा मधे काही दिवस एकाच जागी अडकल्या होत्या, एकदा खालीही आल्या होत्या. हे चढउतार डोळ्यांसमोर असल्यामुळेच त्या घाबरल्या नाहीत.

तंत्रज्ञानाकडे मी उत्सुकतेने पाहते, पण सावधपणे. २००६ साली निन्टेंडोचं वी आलं, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं काइनेक्ट. हाताच्या हालचालीवर चालणारे खेळ पुनर्वसनात आले आणि रुग्ण खरोखर जास्त वेळ हात हलवू लागले. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी आभासी बर्फाच्या जगात नेलं, तेव्हा त्यांना वेदना कमी जाणवली. लक्ष दुसरीकडे गेलं की वेदनेची तीव्रता उतरते. पण काइनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं आणि त्यावर बांधलेल्या कितीतरी प्रणाली पोरक्या झाल्या. त्याहून गंभीर अडचण म्हणजे पडद्यावरचा खेळ बहुधा पंजा कुठे पोचला ते मोजतो. खांदा कानाला लावून, अंग वाकवून फळ तोडलं तरी गुण मिळतात, आणि चुकीची हालचाल आनंदाने पक्की होते. शिवाय नवलाई संपते. खेळाची गोडी आणि बरं होण्याची गोडी एका जागी आणली नाही, तर पहिली ओसरताच व्यायाम सुटतो. या पुस्तकातल्या लेखकांचा मोबाइल ॲपवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, हे इथे नोंदवते. गावाकडच्या रुग्णांबाबत त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं तर मला आनंदच होईल.

लेझीमवर मात्र आमचं एकमत आहे. हात पुढे, वर, बाजूला, तालावर, शेजाऱ्यांबरोबर. बरं होण्याच्या शेवटच्या टप्प्यात, हलकी लेझीम आणि संथ ताल घेऊन केलेला हा व्यायाम माणसाला पुन्हा चारचौघांत आणतो. एकट्याने भिंतीसमोर उभं राहण्याचा ज्यांना उबग आला आहे, त्यांच्यासाठी गट फार मोठी गोष्ट आहे.

हे सगळं आत्ताच का? भारतात मधुमेह असलेल्या प्रौढांची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, आणि मधुमेहात फ्रोझन शोल्डर कितीतरी जास्त आढळतो, बरा व्हायलाही जास्त वेळ घेतो. स्तनाच्या कर्करोगातून वाचणाऱ्या स्त्रिया वाढत आहेत. त्यांच्यासाठी ब्रिटनच्या प्रॉस्पर अभ्यासाने लवकर सुरू केलेल्या, आखीव व्यायामाचा वर्षभराने फायदा दाखवला. फिजिओथेरपीला २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली. कोविडनंतर व्हिडिओवरून सल्ला देणं रुळलं. आणि तालुक्याच्या गावात फिजिओ आता भेटू लागला असला, तरी तो रुग्णाला देतो तो कागद अजून परक्या भाषेत आणि परक्या घरातला असतो: त्यात सोफा असतो, ओटा नसतो.

हे पुस्तक व्यायामांची आणखी एक यादी होण्याचं टाळतं. प्रत्येक आजाराच्या टप्प्याला काय सोसतं, हे आधी ठरवून मग ते वेणी घालणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, लोकलमधली कडी धरणं, फळ्यावर लिहिणं अशा कामांत कसं बसवायचं, याची पद्धत ते शिकवतं. विद्यार्थ्यांनी अभ्यासांची चर्चा वाचावी आणि मूळ निबंधांपर्यंत जावं. रुग्णांनी सरळ आपल्या दुखण्याच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, पण वेदनेच्या नियमांचं प्रकरण सोडू नये. श्रमाची कामं करणाऱ्या पुरुषांबद्दल, हमाल, गवंडी, पेंटर यांच्याबद्दल, मला यात आणखी हवं होतं. त्यांचा खांदा कामावरच झिजतो आणि सुट्टीत पगार नसतो. त्यांच्यासाठीची आखणी वेगळी लागेल, आणि पुढच्या आवृत्तीत ती यावी अशी माझी लेखकांना विनंती आहे.

काही वाचकांनी मात्र हे पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. पडल्यानंतर एकदम हात उचलता येईनासा झाला असेल, खांदा सुजून लाल, गरम झाला असेल आणि ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल आणि रात्री न थांबणारं दुखणं नव्याने सुरू झालं असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, त्यांनी. खांद्याबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा घाम फुटत असेल, तर थेट इस्पितळ गाठावं. शीर शिवलेल्यांनी सर्जनने दिलेले आठवडे पाळावेत. शिवलेली शीर हाडाला धरायला वेळ घेते, आणि त्या काळात उत्साहाने केलेला एक चांगला व्यायामसुद्धा टाका उसवू शकतो.